पळीभर पाणी

जबलपूरहून कुठल्याही दिशेनं निघा, समुद्र लागायला एक रात्र आणि वर निम्मा दिवस आगगाडीत काढावा लागतो. अशा गावात, तेही रांझी भागातल्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये दुसऱ्या मजल्यावर, विपुल भुसारीनं घरात समुद्र आणायचं ठरवलं. हौसेला मोल नाही म्हणतात. हौसेला अक्कल असते की नाही, ते मात्र कोणी सांगत नाही.

विपुल फॅक्टरीत चार्जमन होता आणि त्याचं काम तपासणीचं. समोर आलेल्या मालात खोट शोधायची, ती कुठल्या मशिनवर, कोणत्या पाळीत, कोणाच्या हातून झाली ते लिहायचं आणि लाल चिठ्ठी लावायची. ‘कोणाच्या हातून’ हा रकाना त्याच्या कागदावर छापलेलाच असे. माणूस वाईट नव्हता. पण सोळा वर्षं असं काम केलं की ते बूट काढताना दाराबाहेर राहत नाही, घरात येतं. भाजी खारट झाली तर तो ‘खारट झाली’ म्हणत नसे. ‘मीठ कोणी घातलं?’ असं विचारी.

मीठ बहुतेक आईनंच घातलेलं असे. सत्यवतीबाई मूळच्या आर्वीच्या. लग्न होऊन जबलपूरला आल्या त्याला त्रेचाळीस वर्षं झाली होती, शेजारणींशी हिंदी बोलून बोलून जीभ गुळगुळीत झाली होती, पण घरात तोंड उघडलं की आर्वीच बोलायची. नवरा गेल्यावर त्यांनी दिवसाला एक घडी घातली होती: आंघोळ, देव, आणि मग बैठकीतल्या फिशटँकसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून माशांना दाणे. चार फुटांच्या त्या टाकीत नऊ वर्षं गोड्या पाण्यातले मासे होते. डिसेंबरात विपुलनं ते सगळे दाताच्या एका डॉक्टरला देऊन टाकले.

“नऊ वर्षं आपल्या घरचं खाल्लं त्यायनं,” आई म्हणाल्या. “आता काहून काढतं त्यायले?”

“खाऱ्या पाण्यात हे जगणार नाहीत, आई.”

“मंग खारं काहून करतं?”

विपुलनं बायकोकडे पाहिलं. अश्लेषाला पाचवा महिना होता. “बाळ डोळे उघडेल ना,” तो म्हणाला, “तेव्हा समोर समुद्र पाहिजे.”

एवढं म्हटल्यावर आई विरघळल्या. त्या घरात तेव्हा बाळाच्या नावावर काहीही खपत होतं. अश्लेषाची आई तिच्या लहानपणीच गेलेली, त्यामुळे बाळंतपण सासूच करणार हे ठरलेलं. सत्यवतीबाईंनी जुनी लुगडी फाडून दुपटी शिवायला घेतली होती, बाळगुटीची मुळं गोळा करून डब्यात घातली होती, आणि सहाण धुऊन पुसून देव्हाऱ्याखाली ठेवली होती. मालिश करायला बाई लावू या, असं अश्लेषा एकदा म्हणाली तर त्या चक्क रुसल्या. “माहे हात काय मोडले का?” त्यांनी विचारलं होतं.

विपुलचं काम मात्र नीटनेटकं, हे कबूल केलं पाहिजे. त्यानं टाकी रिकामी केली, जुनी रेती फेकली, काच तीनदा घासली, फिल्टरचा स्पंज नवा आणला. तळाशी प्रवाळाची पांढरी वाळू अंथरली. फिल्टरच्या पाण्यात समुद्री मीठ मोजून विरघळवलं आणि खारटपणा मापायची काचेची नळी त्यात तरंगवली. आईंनी बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. मग दीड महिना नुसतं पाणी फिरत राहिलं, कारण अशा टाकीत लगेच जीव सोडता येत नाहीत. आधी पाणी तयार व्हावं लागतं, त्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू वाढावे लागतात.

“म्हणजे मुरवाचं,” आई म्हणाल्या. “लोणच्यावानी.”

“हां, तसंच समज.”

“मंग एवढा नळ्या-बाटल्यांचा बाजार काहून मांडला? मले विचारलं असतं.”

अश्लेषा हसली. विपुलही हसला. त्या घरातले ते शेवटचे बरे दिवस होते, पण चांगल्या दिवसांना कोणी चिठ्ठी लावून ठेवत नाही.

फेब्रुवारीत मुंबईहून विमानानं थर्मोकोलचं खोकं आलं. विपुल रजा टाकून डुमना विमानतळावर गेला आणि मांडीवर खोकं घेऊन रिक्षानं घरी आला. आत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाऊन मासे, दोन लालचुटुक कोळंब्या आणि एक समुद्रफूल. समुद्रफूल म्हणजे फूल नव्हे, जीवच तो. शेकडो मऊ बोटं हलवत बसतो आणि मासे त्याच्या बोटांत झोपतात. शेजारपाजारचे बघायला येऊन गेले. कोळंबी पाहून एका शेजाऱ्यानं ‘भैया, ये तो खाने की चीज है’ असं म्हटलं, त्याचा विपुलला आठ दिवस राग होता.

आईंची खुर्ची पुन्हा टाकीसमोर आली. त्या तासन् तास बसत. माशांशी बोलत, बाळासाठी दुपटी टाचत. सगळं ठीक चाललं होतं. मार्चच्या मध्यावर समुद्रफूल जागा सोडून टाकीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसलं. त्याला उजेड मिळावा म्हणून विपुलनं गच्चीवर पडलेले संगमरवराचे चार दगड आणले, धुतले, आणि रचून एक छान ओटा करून दिला. संगमरवर समुद्राच्या पाण्याला चालतो, उलट चांगलाच असतो, हे त्यानं वाचलं होतं.

पाचव्या दिवशी एक कोळंबी मेली. सहाव्या दिवशी दुसरी. मग समुद्रफुलाची बोटं आखडली, ते उपड्या वाटीसारखं गोळा झालं आणि दोन दिवसांत विरघळून पाण्याचा पांढरट चिखल करून गेलं. त्या सडलेल्या पाण्यात क्लाऊन मासे वर येऊन तोंडं उघडीत राहिले. रविवारी सकाळी तेही गेले.

माणसाला दुःख झालं की तो रडतो, नाहीतर चिडतो. विपुल चौकशीला बसला. त्यानं वही काढली. मिठाचं माप बरोबर. पाण्याची उष्णता बरोबर. फिल्टर चालू. खाणं तेच, डबा तोच. एकेका रकान्यावर काट मारत तो खाली आला आणि शेवटी आला तिथंच, जिथं त्याची प्रत्येक चौकशी येत असे.

“पाण्यात कोणी काही टाकलं का?”

अश्लेषानं नाही म्हटलं. आई देव्हाऱ्यासमोरून उठून आल्या. त्यांना वाटलं असावं की हा विचारतोय तर सांगावं, त्यात लपवण्यासारखं काय?

“मी घालत होती न,” त्या म्हणाल्या. “रोज सकाळी एक पळी. नर्मदेचं.”

“काय?”

“ग्वारीघाटाचं पाणी रे. तूच तर आणतं पुनवेले कॅन भरून. पूजा झाली का एक पळी घालत होती.”

“काहून?”

“काहून म्हणजे? एवढ्या दुरून आली लेकरं. नव्या गावचं पाणी लागते, बाप्पा. अश्लेषा लग्न होऊन आली तवा तिलेही उंबरठ्यावर पळीभर दिलंच होतं. मले माह्या सासूनं दिलं होतं. आपल्या घरात कोणीही येवो, आधी नर्मदा, मंग बाकीचं.”

हे खरं होतं. भुसाऱ्यांच्या घरात पहिल्या पिढीपासून तसंच चालत आलं होतं. विदर्भातून पोट भरायला आलेल्या माणसांनी नदीशी केलेली ती सोयरीक होती. तुझं पाणी प्यालो, आता आम्हाला परकं म्हणू नकोस, एवढाच तिचा अर्थ. सुनांना मिळालं, जावयांना मिळालं, एकदा भाड्यानं राहायला आलेल्या बँकेतल्या पोरालाही मिळालं. आता माशांना मिळालं.

पण विपुलला ते ऐकू येत नव्हतं. त्याची नजर देव्हाऱ्याकडे गेली होती. तिथं नर्मदेच्या पाण्यानं भरलेला गडू होता. तांब्याचा, चिंचेनं लख्ख घासलेला. आणि तांबं हे कोळंबीला आणि समुद्रफुलाला विष असतं, अगदी थोडंसुद्धा, हे त्याला पाठ होतं.

“तांबं!” तो ओरडला. “हद हो गई! अगं, तांबं विष आहे त्यांना! महिनाभर तू रोज विष घालून राहिली होती. तुझ्या हातानं मेले ते, आई. तुझ्या हातानं!”

“मले काय ठाऊक रे...”

“ठाऊक नाही तर हात लावायचा नाही! उद्या बाळाच्या तोंडातही असंच काहीतरी घालशील, आणि आम्ही बघत राहू.”

“अहो!” अश्लेषा म्हणाली. एवढंच म्हणाली. तिचा हात पोटावर गेला होता, आणि आईंनी तो गेलेला पाहिला.

अश्लेषाच्या मनात काही नव्हतं. आवाज चढला की पोटुशी बाई हात पोटावरच नेते. पण काही गोष्टी एकदा दिसल्या की त्यांचा दुसरा अर्थ लागत नाही.

आईंनी गडू उचलला, मोरीत रिकामा केला, धुतला आणि ओट्यावर पालथा घातला. दुपारी स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी कणीक काढली आणि तशीच ठेवून अश्लेषाला हाक मारली. “मीठ तू घाल.” दुसऱ्या दिवशी देवापुढे दिवाही तिलाच लावायला सांगितला. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, पनागरला मोनीकडे गहू काढणीला आलाय, तिला घरात माणूस पाहिजे, जाऊन येते. मोनाली ही विपुलची धाकटी बहीण. तिच्या नवऱ्याची पनागरला शेती, गहू आणि भाजीपाला. विपुलनं आईला मोटरसायकलवरून बसपर्यंत सोडलं. एरवी गाडीवर त्या त्याच्या खांद्याला धरून बसत. त्या दिवशी मागच्या कडीला धरून बसल्या.

चार दिवसांत राग जाईल, येईल परत, असं त्यानं धरलं. पुरुषांचा हा हिशेब कधी बरोबर आला आहे?

गुन्हा सिद्ध झाला होता, पण पुरावा कागदावर यायचा होता. विपुल तपासणीतला माणूस, त्याला आकडा लागतो. त्यानं पाण्यातलं तांबं मोजायची बाटली मागवली. तिच्यातले थेंब पाण्यात टाकले की पाणी निळं होतं. जितकं गडद, तितकं तांबं जास्त. पार्सल आलं त्या संध्याकाळी तो कामावरून येऊन हात न धुताच बसला.

टाकीतलं पाणी निळं झालं. चांगलंच गडद. तो मनात म्हणाला, बघा. मग त्यानं गडू भरून रात्रभर ठेवला आणि सकाळी तेही पाणी मोजलं. त्यात तांबं होतं, पण टाकीपेक्षा थोडंच जास्त. मग त्यानं पळी घेतली. दररोजची एक पळी, अडतीस दिवस. सगळ्या पळ्या ओतल्या तर एक पेला नीट भरला नाही. टाकीत अडीचशे लिटर पाणी. तो पेला त्या अडीचशे लिटरमध्ये काय करणार होता? काहीच नाही. तुमच्याआमच्या घरातला पाचवीतला पोरगा हे गणित उभ्या उभ्या करेल. विपुलनं ते तीनदा केलं.

मग तो टाकीसमोर बसला. आईच्या खुर्चीवर. आणि त्याला ते संगमरवराचे दगड दिसले.

दोन वर्षांपूर्वी गोड्या पाण्यातल्या माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला होता. मोनालीचा नवरा टमाट्यावर फवारायला मोरचूद वापरतो. विपुलनं त्याच्याकडून मूठभर निळे खडे आणले आणि अंदाजानं पाण्यात टाकले. मोरचूद म्हणजे तांबंच. मासे वाचले. ‘डॉक्टर नाही लागत, डोकं लागतं,’ असं तेव्हा तोच सगळ्यांना सांगत फिरला होता. ते चार दगड त्या वेळी टाकीत होते. पाण्यातलं मोरचूद त्यांनी पिऊन घेतलं आणि मग गच्चीवर ऊन खात पडले. बाकी सगळं त्यानं फेकलं होतं, घासलं होतं. फक्त दगड धुऊन पुन्हा ठेवले. स्वतःच्या हातानं, ओटा रचून.

खात्री करायला त्यानं बादलीत नवं खारं पाणी केलं आणि त्यात एक दगड टाकला. तीन दिवसांनी थेंब टाकले. पाणी शाईसारखं झालं.

वहीत त्यानं सगळे आकडे तारखेसह लिहिले. शेवटचा रकाना रिकामा ठेवला.

आता काय, फोन उचलायचा आणि सांगायचं. एवढंच तर होतं. दुसऱ्याची खोट शोधायला विपुल भुसारीला पाच मिनिटं पुरली होती. स्वतःची सांगायला महिना गेला तरी त्याला मुहूर्त सापडेना. फोनवर असलं काय सांगायचं, समोरासमोर सांगू, असं तो म्हणे. समोरासमोर जायचं तर पनागर काही काशीला नाही, पाऊण तासाचा रस्ता. रविवारी ओव्हरटाईम निघे. ओव्हरटाईम नसला तर ऊन निघे. खरं म्हणजे त्याला लाज वाटत होती, आणि लाज ही अशी चीज आहे की ठेवली की वाढते. त्यानं अश्लेषालासुद्धा सांगितलं नाही. टाकी रिकामी करून तिच्यावर चादर घातली आणि दगड नाल्यात टाकून आला.

“आई, कधी येतेस?” तो फोनवर विचारी.

“येईन न बाप्पा. गहू झाला का येईन.”

गहू झाला. मग मुगाची पेरणी झाली. एक दिवस मोनालीचाच फोन आला. “दादा, आईला काय झालंय रे? भाजी चिरते, निवडते, झाडझूड करते, पण शिजणाऱ्या कशाला हात लावत नाही. वाढ म्हटलं की ताट माझ्याकडे सरकवते. देवाला फूलसुद्धा वाहत नाही. तिकडे काही झालं होतं का?”

“नाही,” विपुल म्हणाला. “उन्हाळा आहे ना. थकवा असेल.”

हे त्याचं दुसरं खोटं. पहिलं तर निदान त्याला खरं वाटलं होतं.

एप्रिलच्या शेवटी अश्लेषाला मुलगी झाली. तिनं मुलीचं नाव आधीच ठरवलं होतं, दुर्वा. दवाखान्यात आई आल्या नाहीत. ताप आहे, म्हणाल्या. बाळ घरी आलं, तेल लावायला बाई ठेवली. ती बाई गेल्यावर अश्लेषा उशीत तोंड घालून रडली. “मला आई पाहिजेत,” ती म्हणाली. “तुम्ही जाऊन त्यांना घेऊन या. कसंही करून आणा.” तेव्हा त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि सासूनं शिवलेल्या दुपट्यांच्या घड्या घातल्या. त्याला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्याच दिवशी तो गेला आणि आईला घेऊन आला. मोनालीही आली, डिंकाचे लाडू घेऊन. लाडू मोनालीनं केले होते, हे आईंनी आल्या आल्या दोनदा सांगितलं.

त्या पलंगापासून चार हात लांब, भिंतीशी बसल्या. दोन्ही हात पदराखाली. मान उंच करून बाळाकडे पाहत होत्या. विपुल त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. मधे वही ठेवली आणि बोलला. सगळं बोलला: गडू, पळी, पेला, अडीचशे लिटर, मोरचूद, दगड, बादली. “ते माझ्या हातून झालं, आई. तुझ्या पाण्यानं काहीच झालं नव्हतं. मला महिन्यापूर्वीच समजलं. मी सांगितलं नाही.”

आई ऐकत होत्या. मधेच त्यांच्या तोंडावर हसू आलं.

“तू लहान होता तवाही असाच करे,” त्या म्हणाल्या. “माह्या हातून बरणी फुटली का बाबायले सांगे, मी फोडली म्हणून.”

“नाही गं! हे खरं आहे. देवाशप्पथ. हे बघ आकडे.”

“बरं बाप्पा. असंल खरं.” त्यांनी वहीकडे पाहिलं नाही. “तू एवढं लिहून आणलं, ते मले समजते. पण मोनीकडे चुलीवर दूध ठेवाले गेली तरी हात थांबते माहा. मी म्हणतो, चाल रे. तो चालत नाही. मले समजलं, त्याले कसं समजवू?”

अश्लेषा पलंगावरून म्हणाली, “आई, घ्या ना तिला. एकदा घ्या.” आई मान हलवत राहिल्या. तेवढ्यात बाळ रडायला लागलं. विपुल उठला. त्याला वाटलं, बोलून होत नाही तर करून होईल. त्यानं बाळाला उचललं आणि सरळ आईच्या मांडीवर ठेवलं.

आईंचे हात पदरातून झटकन बाहेर आले. क्षणभर त्याला वाटलं, जमलं. पण ते हात बाळाकडे गेले नाहीत. दोन्ही बाजूंना लांब गेले आणि फरशीवर टेकले, पालथे. बाळ त्यांच्या मांडीवर एकटं पडून रडत होतं आणि घसरत होतं.

“मान, मान सांभाळ तिची!” आई ओरडल्या. “डोक्याखाली हात दे, विपु. लवकर दे.”

त्यानं वाकून हात दिला.

“असा नाही. पंजा पसर. हां. दुसरा कमरेखाली. आता हळूहळू हलव, जोरात नको.” त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण सांगणं थांबत नव्हतं. “पाहत राहा तिच्याकडे. तिले समजते कोण पाहते ते. असंच. असंच करत राहा.”

बाळ हळूहळू शांत झालं. आजीच्या मांडीवर, बापाच्या हातांत. आजीचे हात फरशीवरच होते. विपुल तसाच वाकून राहिला, बाळ झोपेपर्यंत.